अडखळत वाचणारी मुलं आणि आपत्कालीन तयारीची पुस्तकं : तुमचे अनुभव सांगा

खडूफळा

सहावी-सातवीत असूनही वाचन दुसरी-तिसरीपाशीच अडकलंय, अशा मुलांसोबत मी काम करते. या मुलांना अक्षरं येतात. पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते, वाक्य लांबलं की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते, आणि चारचौघांत मोठ्याने वाचायचं म्हटलं की अंग चोरून घेतात. त्यांच्या पातळीचं म्हणून आपण जे हातात ठेवतो ते असतं पहिलीतल्यांसाठी लिहिलेलं, ठळक अक्षरांचं, बोलणाऱ्या प्राण्यांचं. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ते पुस्तक शेजारच्याने पाहिलं तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो ते उघडत नाही आणि आपण शिक्का मारतो, याला वाचनाची आवडच नाही.

म्हणून सध्या मी प्रथमोपचार, आग, वीज, पूर, भूकंप, घरात तयार ठेवायची पिशवी अशा विषयांची माहितीपुस्तकं वापरते आहे. वाक्यं छोटी, पायऱ्यांना क्रमांक, आणि विषय मात्र मोठ्या माणसांचा. हे पुस्तक हातात असलं की कुणालाही लाज वाटत नाही, उलट शेजारचा डोकावून बघतो.

यातलं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. भाजल्यावर काय करावं, याचं पान होतं. ‘भाजलेला भाग थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ लावू नका. फोड फोडू नका.’ तिघांचा गट. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून तसं करायचं, तिसऱ्याने पुस्तकाची दुसरी प्रत हातात धरून लक्ष ठेवायचं. वाचणाऱ्या मुलाने नेहमीच्या सवयीने ओळीचा शेवट गिळला आणि ‘बर्फ लावा’ असं वाचलं. करणाऱ्याचा हात खोट्या बर्फाच्या डब्याकडे गेला. तेवढ्यात तिसरी म्हणाली, ‘थांब. लावू आहे ते. पुढचा शब्द वाच.’ त्याने ओळीवर बोट ठेवलं, मागे आला आणि ‘नका’ स्वच्छ वाचला. नंतरच्या ओळीचा ‘नका’ त्याने स्वतःहून ठासून वाचला. मी मध्ये एक शब्दही बोलले नव्हते. शेवटचा शब्द गिळू नकोस हे मी त्याला आधी किती वेळा सांगितलं असेल! इथे त्या शब्दावाचून हात चुकीच्या डब्यात जात होता, म्हणून तो त्याला दिसला.

असं कुणी करून पाहिलंय का? पुस्तकं कशी निवडता? आणि मुलं घाबरत नाहीत ना, याची काळजी कशी घेता?

शब्दांची_उकल

ताई, उपक्रम फार आवडला. मी वाचन-अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते, म्हणून एक गोष्ट आधीच नोंदवते, नाहीतर धागा वाचून कुणीतरी नुसती पुस्तकं वाटून मोकळं होईल.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं साधं सूत्र आहे: वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. विषय कितीही जिव्हाळ्याचा असला तरी ‘रक्तस्राव’ फोडून वाचता येत नसेल तर मूल चित्र बघून अंदाज बांधणार, आणि अंदाजाने वाचायची सवय हीच या मुलांची सगळ्यात चिवट अडचण असते. अक्षर-ध्वनी, रफार, जोडाक्षरं हे रोजचं काम सुटता कामा नये.

मी काय करते, तर पानावरचे पाच-सहा अवघड शब्द आदल्या दिवशी वेगळे काढून शिकवते. श्वासमार्ग, रक्तस्राव, प्रथमोपचार, अग्निशामक, निर्जंतुक. फोडून, टाळी वाजवून, पाटीवर लिहून. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पानावर भेटला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखा चेहरा फुलतो.

आणखी एक मोठा फायदा आहे. एकच उतारा पुनःपुन्हा वाचल्याने ओघ येतो हे सॅम्युअल्स या वाचन-संशोधकांनी १९७९ मध्येच मांडलं. पण मुलाला तीच गोष्ट चौथ्यांदा वाच म्हटलं की तो वैतागतो, आणि ते रास्तही आहे. आपत्कालीन पायऱ्या पुन्हा वाचताना कुणी वैतागत नाही. सराव असाच करायचा असतो, हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागत नाही.

पुस्तकघर

ग्रंथपाल म्हणून दोन गोष्टी सांगावीशा वाटतात.

लुइझ रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासक बाईंनी वाचनाचे दोन ढंग सांगितले. एक, वाचता वाचता जे अनुभवतो त्यासाठी केलेलं वाचन. दुसरं, वाचून झाल्यावर जे हाती घेऊन उठायचं त्यासाठी केलेलं. या दुसऱ्या ढंगासाठी १९७८ च्या पुस्तकात त्यांनी जे उदाहरण दिलं ते तुमच्या धाग्याला चपखल बसतं: मुलाने विषारी द्रव गिळला आहे आणि आई विषावरचा उतारा शोधण्यासाठी बाटलीवरची चिठ्ठी भराभर वाचते आहे. शाळेत आपण पहिल्या ढंगाला डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याला वाचन मानायलाच तयार नसतो. ज्या मुलाला दुसरा ढंग जवळचा आहे त्याला मग वाटत राहतं की वाचन आपल्यासाठी नाहीच.

दुसरी गोष्ट, रेख्त आणि लेस्ली या संशोधकांचा १९८८ चा बेसबॉलचा प्रयोग. सातवी-आठवीतली ६४ मुलं. काही वाचनात पक्की, काही कच्ची. काहींना बेसबॉल चांगला माहीत, काहींना नाही. सगळ्यांना एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून काय घडलं ते करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे निघाली. समजलं का हे लेखी प्रश्नांवरून न ठरवता हाताने करून दाखवायला लावलं, हेही बघा. तुमचा तिघांचा गट तेच करतो आहे.

यातून पुस्तकं निवडायची एक दिशा मिळते. लहान भावंडांना सांभाळणारी, घरी चूल-शेगडी हाताळणारी, नदीकाठी वाढलेली मुलं वर्गात सगळ्यात मागे असतात. पण भाजणं, आग, पाण्याची ओढ याबद्दल त्यांना पुष्कळ माहिती असते. पहिलं पुस्तक त्या माहितीच्या बाजूचं असू द्या.

दोन_मुलींची_आई

मला खरंच विचारायचं आहे. माझ्या धाकटीला वाचायला जड जातं. तिला आपत्तींवरचं एक सचित्र पुस्तक दिलं होतं. तिने ते वाचलं, अगदी शेवटपर्यंत वाचलं, आणि मग रात्री उठून दाराची कडी तपासायला लागली. खिडकीजवळ झोपेना. वाचनासाठी तिच्या मनाची शांती मोडायची का? तुम्ही हे कसं सांभाळता?

खडूफळा

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. माझ्यासाठी पुस्तक निवडायची पहिली चाळणी हीच आहे. पडझडीचे फोटो, मृतांचे आकडे, ‘क्षणात सारं उद्ध्वस्त’ असली भाषा ज्या पुस्तकात आहे ते मुलांच्या टेबलावर येत नाही. ते मुळात तयारीचं पुस्तक नसतंच. ज्या पानावर धोका लिहिलाय त्याच पानावर ‘मग तू काय करायचंस’ हे असलंच पाहिजे, आणि ती कृती त्या वयाच्या मुलाच्या हातात असली पाहिजे.

विजेचं पान हे माझं लाडकं उदाहरण. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजलेल्या दर तीन सेकंदांना अंदाजे एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा-एक किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. जी मुलगी विजेला कान झाकून बसायची ती हे वाचल्यावर मोठ्याने आकडे मोजत बसली. भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, पण तिला आता करायला काहीतरी होतं.

तुमच्या धाकटीला सध्या मोठ्या आपत्तींपासून लांब ठेवा. नाकातून रक्त येणं, खरचटणं, मुरगळणं, वीज गेल्यावर टॉर्च कुठे आहे, घरातल्यांनी कुठे भेटायचं. एवढ्यावरही भरपूर वाचन होतं. आणि पुस्तक तिच्या शेजारी बसून वाचा, ते तिला एकटीला देऊ नका.

शब्दांची_उकल

+१. फक्त एवढंच जोडते: ज्या मुलांनी खरोखर आग किंवा पूर भोगला आहे त्यांच्यासमोर ते पान न विचारता उघडू नये. आधी घरी बोलावं, मुलाला निवड द्यावी. काही मुलांना तोच विषय हवा असतो, काहींना मुळीच नको असतो, आणि ते बाहेरून कळत नाही.

घंटेची_गाडी

अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे. शाळांमधून प्रात्यक्षिकं देत फिरतो. शिक्षकांनी हे मनावर घेतलं याचा फार आनंद झाला. मात्र एका बाबतीत कडक बोलणार आहे: पुस्तक कोणत्या सालचं आहे ते आधी बघा.

गोष्टीचं पुस्तक पन्नास वर्षं जुनं असलं तरी चालतं, प्रथमोपचाराचं चालत नाही. सर्पदंशाच्या जागी चीर देऊन रक्त चोखा, वर आवळून दोरी बांधा, हे जुन्या पुस्तकांत सर्रास आहे आणि ते घातक आहे. त्या माणसाला शांत ठेवायचं, तो भाग हलू द्यायचा नाही आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं. भूकंपात दाराच्या चौकटीत उभे राहा, हाही जुना सल्ला. आता सांगतात की खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोकं-मान झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. भाजलेल्यावर टूथपेस्ट फासणं तर अजून चालू आहे.

सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसावर करायच्या तातडीच्या उपचाराचं. छाती दाबणं आणि श्वास देणं यांचं मोठ्या माणसासाठीचं प्रमाण पूर्वी १५ ला २ होतं, २००५ पासून ३० ला २ झालं. आधी श्वासमार्ग मग छाती, हा क्रम अमेरिकेच्या मार्गदर्शनात २०१० ला उलटला आणि छाती दाबणं पहिलं आलं. २०१५ पासून मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल, असं लिहिलेलं असतं. ही पानं मुलांना वाचू द्या, मोजू द्या, उशीवर करू द्या. पण पुस्तक वाचलं म्हणजे प्रशिक्षण झालं असं कुणी समजू नये. त्यासाठी जाणकार माणसालाच बोलवा.

जुनी पुस्तकं फेकू मात्र नका. वरच्या गटातल्या मुलांना जुनं आणि नवं पान शेजारी ठेवून ‘काय बदललं ते शोधा’ म्हणा. एकेक शब्द ताडून बघतात, आणि छापलेलं सगळं खरं नसतं हेही त्यांच्या लक्षात येतं. जुन्या पुस्तकावर लाल अक्षरात ‘फक्त तुलनेसाठी’ असं मुलांकडूनच लिहून घ्या.

खडूफळा

काका, हे सोन्यासारखं आहे. एखाद्या प्रात्यक्षिकाआधी मुलं काय वाचून आली असतील तर तुम्हाला उपयोग होतो?

घंटेची_गाडी

अग्निशामकाच्या चार क्रिया. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाकडे धरा, दांडा दाबा, एका बाजूकडून दुसरीकडे फिरवत न्या. ‘बुडाकडे’ हा शब्द ज्याने वाचलेला असतो तो पहिल्या फटक्यात बरोबर धरतो. न वाचलेला धुरावर मारतो, आणि छोटं अग्निशामक काही सेकंदांतच रिकामं होतं. आणि पाचवी ओळ मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाची: आग विझवणं हे मोठ्यांचं काम, मुलांनी बाहेर पडायचं आणि मदत बोलवायची.

रात्रशाळा

मी प्रौढांना शिकवतो. मोठी माणसं तर लहान मुलांच्या गोष्टी वाचायला सपशेल नकार देतात, त्यामुळे आमच्याकडे हा मार्ग जुनाच आहे. टॉमस स्टिख्त यांनी १९७० च्या दशकात अमेरिकी सैन्यातल्या वाचनात मागे असलेल्या जवानांना त्यांच्या कामाच्याच पुस्तिकांवरून वाचन शिकवलं. कामाच्या वाचनात चांगली प्रगती झाली. सर्वसाधारण वाचनातही झाली, पण त्याहून बरीच कमी.

हा दुसरा भाग विसरू नका. सूचना वाचायला आल्या म्हणजे वर्तमानपत्र वाचता येईल असं आपोआप घडत नाही. सूचनेचं वाक्य आज्ञार्थी, छोटं, एका कृतीचं असतं. ‘जरी-तरी’, ‘त्यामुळे’, ‘परंतु’ यांची सवय वेगळी लावावी लागते. त्यासाठी अटी असलेली पानं शोधा. पाणी उकळण्याचं पान बघा: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, २००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. गढूळ असेल तर आधी गाळून घ्या. यातला ‘तर’ समजल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. मग विचारायचं, आपण किती उंचीवर आहोत? ते शोधायला पुन्हा वाचन.

पानोपानी

सगळं पटतंय, तरी गोष्टीची बाजू घेऊन भांडायला आले आहे. मूल फक्त सूचना वाचत मोठं झालं तर त्याच्या वाट्याला वाचनातलं मोठं सुख येणारच नाही.

शिवाय आपत्तीच्या बाबतीत गोष्टींनी जीव वाचवलेत. १८५४ साली जपानमध्ये हामागुची गोर्यो यांनी त्सुनामीच्या वेळी भाताच्या पेंढ्या पेटवून अंधारात गावकऱ्यांना उंचावर जायची वाट दाखवली. त्यावर बेतलेली गोष्ट १९३७ ते १९४७ या काळात तिथल्या प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात होती, आणि तीही भाषेच्या! त्याच घटनेच्या आठवणीत संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिवस ठरवला. इंडोनेशियाच्या सिमेलुए बेटावर तर १९०७ च्या त्सुनामीची आठवण लोकांनी तोंडी गाण्या-गोष्टींत जपली. समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये त्या बेटावरच्या सुमारे ७८ हजार लोकांपैकी फक्त सात जण दगावले.

पुस्तकघर

पानोपानी, मला यात भांडण दिसत नाही. त्याच दिवशी, २६ डिसेंबर २००४ ला, थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी होती. समुद्राला आलेला फेस पाहून त्सुनामी येते आहे हे तिने ओळखलं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी वर्गात भूगोलाच्या तासाला तेच शिकवलं होतं. तिने आईवडिलांना सांगितलं, किनारा रिकामा झाला. तिच्या कामी आला तो माहितीचा धडा. सिमेलुएच्या लोकांच्या कामी आली गोष्ट. मुलाला दोन्ही द्यावं. मी तर दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर ठेवते: तयारीचं पुस्तक आणि त्याला लागून खऱ्या बचावाची गोष्ट. पहिलं परत करायला आलेला मुलगा दुसरं उचलतो.

पानोपानी

फळीची युक्ती मान्य. मीही करून बघते.

शब्दांची_उकल

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, चित्रं. या पुस्तकांतली चित्रं इतकी बोलकी असतात की मजकूर न वाचताच काम भागतं. विमानातलं सुरक्षापत्रक बघा, त्यात जवळपास शब्दच नसतात आणि तरी कळतं. संकटात ते योग्यच आहे, पण वाचन शिकवताना मूल चित्रावरच निभावून नेतं. म्हणून मी चित्र कागदाने झाकते. आधी मजकूर वाचून कृती करायची, मग कागद काढून आपली कृती चित्राशी ताडायची. किंवा पायऱ्यांच्या पट्ट्या कापून विस्कटून देते आणि क्रम लावायला सांगते. वाद होतात, आणि वाद घालायला पुन्हा पट्टी वाचावी लागते.

आकड्यांचंही असंच. ‘वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर खोल पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, ३० सेंटिमीटर लहान गाडी वाहून नेऊ शकतं’ हे नुसतं वाचून सोडलं तर उरत नाही. भिंतीवर खडूने रेघ मारून आपल्या पायाशी मोजलं की मुलं ते वाक्य परत जाऊन वाचतात, कारण इतक्या कमी पाण्यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

दोन_मुलींची_आई

खडूफळा ताई, तुम्ही सांगितलंत तसं लहान गोष्टींपासून सुरू केलं. धाकटीने नाकातून रक्त येण्याचं पान वाचलं: ‘पुढे वाका, मागे नाही.’ मग आजीला बसवून तिच्याकडून करून घेतलं, पुस्तक मांडीवर ठेवून. आजी मागे मान टाकायला गेली तर हिने तिला ती ओळ वाचून दाखवली. रात्रीची कडी तपासणं अजून चालू आहे, पण आता टॉर्च कुठे आहे तेही तपासते.

एक विचारू? ती माझ्यासमोर छान वाचते, पण मी बघतच असते, त्यामुळे चुकलं की माझा चेहरा बदलतो आणि तिला कळतं.

रात्रशाळा

पाठीला पाठ लावून बसा. १९७० च्या एप्रिलमध्ये चंद्राकडे निघालेलं अपोलो १३ हे यान बिघडलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल जागेत बसवायचे होते. जमिनीवरच्या लोकांनी यानात काय सामान आहे ते पाहून युक्ती तयार केली: प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या, चिकटपट्टी. आणि ती रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. वाचणाऱ्याला यान दिसत नव्हतं, बनवणाऱ्यांना कागद दिसत नव्हता. ती वाचेल, तुम्ही न वळता कराल. शंका आली तर फक्त ‘परत वाच’ म्हणायचं. तुमचा चेहरा तिला दिसणार नाही आणि तिला शब्द नेमका वाचावाच लागेल.

खडूफळा

हे मीही वर्गात घेणार. त्रिकोणी पट्टीची झोळी बांधण्याच्या पानापासून सुरू करते, कारण त्या एका पानावर ‘खालून’, ‘वरून’, ‘आतल्या बाजूने’, ‘खांद्यामागे’ हे सगळे शब्द आहेत, आणि यातला एक जरी चुकला तरी हात झोळीतून बाहेर येतो. कसं झालं ते इथेच लिहीन. काका, तुमच्याकडे अग्निशामकाच्या पानाची मुलांना वाचता येईल अशी सोपी आवृत्ती असेल तर धाग्यात टाका ना. नसेल तर आमच्या वरच्या गटाकडून लिहून घेते आणि तुम्ही तपासून द्या.

घंटेची_गाडी

मुलांनाच लिहू दे. मी तपासतो.